आपल्या टेकडीवरच्या अनुताई

आपल्या कोसबाडच्या टेकडीचे नाव दूरदूरच्या लोकांना माहीत आहे. ते कोणामुळे झाले? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यामुळे. आज मी तुम्हाला अनुताईंची गोष्ट सांगणार आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यात मोरगावला झाला. मोरगावचा गणपती प्रसिद्ध आहे. त्या काळी मुलींची लग्नं फार लहानपणी करत. अनुताईंचं लग्न १३ व्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांचे पती वारले. तेव्हा अशा मुलीला घरात कोपऱ्यात बसवत. पण अनुताई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. त्यांनी नाशिक जिल्ह्यात चांदवडला शिकवलं. मग पुण्याला हुजूरपागा शाळेत शिकवलं.

पुण्यात त्या दिवसा मुलींना शिकवायच्या आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायच्या. १९३७ साली त्या मॅट्रिक पास झाल्या. तेव्हा त्यांचं वय २७ होतं! एवढ्या मोठ्या बाईंना बाकावर बसून शिकायची लाज वाटली नाही. मला तर चौथीत पाढा चुकला तरी लाज वाटते.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्राकाठी बोर्डीला गावच्या लहान मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई पुणे सोडून तिकडे आल्या. पुढे ते काम आपल्या कोसबाडला आलं.

पहिल्यांदा मुलं बालवाडीत येत नसत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तिचं नाव अंगणवाडी. तिथे मुलांना आंघोळ घालत, नखं कापत, केस विंचरत, गाणी शिकवत. विकतची खेळणी नव्हती. मग शंख, शिंपले, बिया, पानं, खडे गोळा करून मुलं त्यावर मोजायला शिकली. काही मुलं गुरं राखायला जायची. त्यांच्यासाठी शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरत आणि मुलं शिकत. १९७५ पासून सरकारनेही देशात अंगणवाड्या काढल्या. माझा लहान भाऊ अंगणवाडीत जातो. तिथली खिचडी त्याला फार आवडते.

एवढं काम करूनही अनुताईंनी अभ्यास सोडला नाही. १९६१ साली त्या बी. ए. झाल्या. तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई वारल्या. नंतर सगळा भार अनुताईंनी सांभाळला. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या.

ही माहिती मी घरी मोठ्याने वाचत होतो. माझी ताई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती आठवीनंतर घरी बसली. आईबाबा वीटभट्टीवर जातात, मग लहान भावाला कोण सांभाळणार? आता ती १७ वर्षांची आहे. ५१ वर्षांचं ऐकून तिची भाकरी करपली. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं. रात्री बघतो तर तिने पत्र्याच्या पेटीतून आपली जुनी पुस्तकं काढली होती. एक पुस्तक उंदराने कुरतडलं होतं.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले की बाहेरून दहावीला बसता येतं, त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरतात. आईला वाटतं, आता शिकून काय करणार. बाबा अजून काही बोलले नाहीत. पण मी ठरवलं आहे. संध्याकाळी पाणी मी भरीन आणि भावाला मी खेळवीन. तेवढा वेळ ताईने अभ्यास करायचा.

मित्रांनो, आपणही असं करू या. रोज थोडा अभ्यास करावा. आलं नाही तर विचारावं, लाजू नये. घरचं काम वाटून घ्यावं, म्हणजे बहिणीलाही वाचायला मिळेल. शाळा सुटलेली असली तरी शिकणं सुटत नाही, हे अनुताईंनी करून दाखवलं.

अनुताईंना माझा नमस्कार.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी