विश्लेषण : सर्वाधिक बळी घेऊनही बाळू पालवणकर कर्णधार का झाले नाहीत?

आयपीएलचे पहिले दोन आठवडे म्हणजे फॅण्टसी संघ लावणाऱ्यांची परीक्षा. जळगाव असो की धुळे, नाणेफेकीआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद एकच : आज कर्णधार कोणाला करायचे? ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तरी मोफत लीग आणि मित्रांमधली चुरस कायम आहे. कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला कोणाची कामगिरी खरी आणि कोणाची नशिबाची, हे ओळखेल त्याचा संघ पुढे. आकडे ज्याचे चांगले, कर्णधारपद त्याचे, असा हा साधा व्यवहार. भारतीय क्रिकेटमधील पहिल्या मोठ्या गोलंदाजाच्या बाबतीत मात्र हा व्यवहार कधी झालाच नाही. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

बाळू पालवणकर कोण होते?

डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, म्हणून पालवणकर. समाज चर्मकार, त्या काळी अस्पृश्य मानला गेलेला. वडील पुण्याजवळ लष्करात नोकरीला होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही नामांकित खेळाडू झाले. एकाच घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

पुण्याच्या क्लबात त्यांचे काम काय होते?

सुरुवात एका पारशी क्लबात झाडलोट करण्यापासून झाली. महिन्याला तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे पगार चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचे, रेषा आखायच्या आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पुढे हॅम्पशायरकडून काउंटी क्रिकेट खेळलेले जे. जी. ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर रोज सराव करत. ग्रेगना बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, बाळूंनी हजारो चेंडू तिथेच टाकले, हे नक्की. आजच्या भाषेत ते नेट बोलर. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. बॅटिंग हे साहेबांचे काम मानले जाई.

चेंडू एकच, मग कप वेगळा का?

युरोपियनांना हरवायचे तर बाळू संघात हवेत, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या लक्षात आले. वाद झाला, विरोध झाला, अखेर त्यांना घेतले. पण घेण्याची पद्धत अशी की मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत आणि चहाची वेळ झाली की बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगतही वेगळी.

साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी अनेक दिवस रोलरने दाबून ठेवली होती. तरी बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातल्या खेळाडूंना जाहीरपणे सुनावले : बाळूंबरोबर खेळता येते, तर जेवता का येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हळूहळू पंगतीतला भेद सैल झाला. पदाचा भेद मात्र पुढे बराच काळ टिकला.

मुंबईत काय बदलले?

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही प्रवेशाला कुरकुर झाली, कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून ते आत गेले. रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. एराशा आणि बाळू या जोडीच्या गोलंदाजीने हा सामना फिरवला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, म्हणून त्याची चर्चा देशभर झाली. १९०७ पासून तिरंगी सामने सुरू झाले आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले.

इथे आकडेवारीच्या दृष्टीने एक अडचण समजून घ्यायला हवी. आज आयपीएल संघ साखळीतच १४ सामने खेळतो. बाळूंच्या काळात प्रथम श्रेणीचा अख्खा ‘हंगाम’ म्हणजे वर्षाला एक-दोन सामने. फॉर्म मोजायचा कशावर? तशी संधी आयुष्यात एकदाच आली.

१९११ च्या हंगामात सुरुवातीचे आकडे काय सांगत होते?

त्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय १९. दौऱ्याचा खर्च आणि प्रतिष्ठा त्यांच्या नावावर होती. पण पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचे समारंभ आणि मेजवान्या यांत ते गुंतले आणि मोजकेच सामने खेळले. नेतृत्व बहुतेक वेळ डॉ. कांगांनी सांभाळले.

जूनमध्ये संघ सतत हरत होता. नुसते निकाल पाहणाऱ्याला या संघात घेण्यासारखे कोणी दिसले नसते. धावफलक उघडून पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एकाच डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वोत्तम कामगिरी ठरली. संघ हरत असताना सर्वाधिक षटके टाकणारा आणि तरीही बळी मिळवत राहणारा गोलंदाज म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला ओळखायचा खेळाडू हाच.

फॅण्टसी खेळणारे नेमके इथे चुकतात. टी-ट्वेन्टीत गोलंदाजाला चार षटके, म्हणजे २४ चेंडू मिळतात. दोन सामन्यांत ४८. तेवढ्यावर एखाद्याला चार बळी मिळाले की सगळे त्याला कर्णधार करतात, तिसऱ्या सामन्यात तो रिकाम्या हाताने परततो. गुणांची बेरीज पाहण्यापेक्षा त्याच्यावर किती चेंडू टाकायचा भरवसा ठेवला जातो, खेळपट्टी कशी होती, समोर कोण होते, हे पाहिलेले बरे. बाळूंच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरे त्यांच्या बाजूने होती. १९११ चा इंग्लिश उन्हाळा कमालीचा कोरडा आणि उष्ण होता. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर फिरकी गोलंदाज धुमाकूळ घालत, तशी मदत त्या वर्षी फारशी नव्हती.

सुरुवातीचा अंदाज हंगामाअखेर खरा ठरला का?

ठरला. जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध संघाला प्रथम श्रेणीतला पहिला विजय मिळाला. पाठोपाठ सॉमरसेटला एका गड्याने हरवले, त्यात शिवरामचे शतक होते. दौऱ्यात एकूण २३ सामने झाले : ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. बाळूंचे सर्व सामन्यांतले बळी ११४, सरासरी १८.८४. त्यांतले प्रथम श्रेणीचे बळी ७५, सरासरी २०.१२. संघात सर्वाधिक. तेव्हा त्यांचे वय ३५ होते, हेही लक्षात घ्या.

पूर्ण कारकिर्दीत त्यांचे ३३ प्रथम श्रेणी सामने आणि १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी आहेत. म्हणजे जवळपास ४२ टक्के बळी एकाच उन्हाळ्यातले. इंग्लंड दौरा वजा केला तर उरलेल्या १०४ बळींची सरासरी १२ च्याही आत येते. असे आकडे असलेला गोलंदाज आज कोणत्याही अ‍ॅपवर रोज कर्णधार झाला असता.

मग हिंदू संघाचे कर्णधारपद का नाही?

कारण जात. याला दुसरे गुळगुळीत उत्तर शोधण्यात अर्थ नाही. त्या काळात एम. डी. पै कर्णधार होते, ते ब्राह्मण. अनुभव आणि कामगिरीचा विचार केला तर हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे १९१३ मध्ये खुद्द पैंनीच जाहीर सत्कारात कबूल केले. पण निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

ठिणगी पडली १९२० मध्ये. मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्याला पै आजारी होते. बाळूंना संघातूनच वगळले. विठ्ठल तेव्हा संघातले प्रमुख फलंदाज होते, त्यांनाही डावलून नेतृत्व तरुण दि. ब. देवधरांकडे दिले. देवधर गुणी खेळाडू होते, वाद त्यांच्या गुणांचा नव्हता. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. जातीमुळे अन्याय होतो म्हणून खेळाडूंनी सामन्यावर बहिष्कार टाकायचा, ही गोष्ट तेव्हा अगदी नवी होती. गांधीजींची अस्पृश्यतेविरोधी भूमिका लोकांपर्यंत पोहोचत होती, त्यामुळे जिमखान्यावर दबाव आला. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊही परतले आणि ४४ वर्षांच्या बाळूंना उपकर्णधार केले गेले. पै मधेच मैदानाबाहेर गेले, तेव्हा काही वेळ बाळूंनी संघ सांभाळला. त्यांच्या वाट्याला नेतृत्व आले ते एवढेच. फॅण्टसीच्या हिशेबात दीडपट.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत हिंदू संघाने तीनदा चौरंगी स्पर्धा जिंकली. पहिल्या विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले होते. विठ्ठलनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

डॉ. आंबेडकरांशी लढत कशी झाली?

हा भाग खानदेशातल्या वाचकांना जवळचा वाटेल. विद्यार्थिदशेत आंबेडकरांना बाळूंचे मोठे कौतुक होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. सप्टेंबर १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न पेटला, तेव्हा बाळू समेटाच्या बाजूने उभे राहिले आणि पुणे करारावर त्यांनी सही केली.

डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यानंतर दोनच महिन्यांत प्रांतिक निवडणूक आली आणि काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. त्याच निवडणुकीत पूर्व खानदेशातून आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलत गुलाजी जाधव विधिमंडळात गेले. धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यात आंबेडकरांचा मुक्काम झाला होता तोही याच काळात. दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात.

आंबेडकरांपुढे उभे राहिल्यामुळे बाळूंची आठवण दलित चळवळीत मागे पडली आणि जातीचा विषय अवघड जागेचा म्हणून क्रिकेटच्या इतिहासानेही त्यांना बाजूला ठेवले. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीतही त्यांचे नाव नाही. रामचंद्र गुहांच्या भारतीय क्रिकेटवरील पुस्तकाने गेल्या दोन दशकांत त्यांचे नाव पुन्हा वाचकांपुढे आणले. बाळू पालवणकर यांचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले.