जाहीरनाम्यापासून घटनेपर्यंत

अब्राहम लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी जाहीरनामा काढला आणि अमेरिकेतील गुलाम मुक्त झाले, अशी एक सुटसुटीत समजूत शालेय पुस्तकांनी रूढ केली आहे. वस्तुतः त्या दिवशी लढ्याचा अर्धा भागही पुरा झाला नव्हता. उरलेला भाग कायदेमंडळात लढावा लागला आणि तो लिंकनच्या मुत्सद्देगिरीची कसोटी पाहणारा ठरला.

१८६० च्या शिरगणतीनुसार अमेरिकेत सुमारे ४० लक्ष गुलाम होते. मळेवाल्यांच्या लेखी ते भांडवल होते. त्यांची खरेदी-विक्री होई, कर्जापोटी ते गहाण पडत. लिंकनला ही प्रथा मनापासून निंद्य वाटे. परंतु शांततेच्या काळात राज्यांच्या हद्दीतील गुलामगिरी मोडण्याचा अधिकार केंद्राला नाही, हे तो वकील या नात्याने जाणून होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावरही डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलाम बाळगणारी चार राज्ये संघराज्यातच राहिली होती. त्यांना दुखविणे म्हणजे युद्ध हरण्याचा धोका पत्करणे होते.

म्हणून लिंकनने आधी हिशोबाचा मार्ग धरला. युद्धाचा खर्च दिवसाला सुमारे २० लक्ष डॉलर होता. माणशी ४०० डॉलर भरपाई दिली, तर या चारही राज्यांतील व राजधानीतील सर्व गुलामांच्या मुक्ततेस ८७ दिवसांच्या युद्धखर्चाहूनही कमी रक्कम पुरेल, असे गणित त्याने मार्च १८६२ मध्ये मांडले. एप्रिलमध्ये राजधानीपुरती भरपाईसह मुक्तता झालीही. मात्र जुलैमध्ये चार राज्यांच्या बहुसंख्य प्रतिनिधींनी ही योजना नाकारली. गुलामगिरी हा केवळ पैशाचा व्यवहार नव्हता. ती वर्चस्वाची व्यवस्था होती आणि वर्चस्व विकावयास मालक तयार नव्हते.

त्यानंतर जाहीरनामा आला. सरसेनापती या नात्याने काढलेला तो युद्धकालीन हुकूम होता. बंडखोर प्रदेशापुरताच तो लागू असल्याने संघराज्यातील गुलाम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय युद्ध संपल्यावर न्यायालयात तो टिकेल, याची हमी नव्हती. एका हुकमाने दिलेले स्वातंत्र्य दुसऱ्या हुकमाने हिरावले जाऊ शकते, हे ओळखून लिंकनने घटनादुरुस्तीचा पाठपुरावा केला.

८ एप्रिल १८६४ रोजी सिनेटने दुरुस्ती ३८ विरुद्ध ६ मतांनी संमत केली. जूनमध्ये मात्र प्रतिनिधिगृहात दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. त्याच महिन्यात लिंकनच्या आग्रहाने पक्षाच्या जाहीरनाम्यात या दुरुस्तीचा समावेश झाला. त्या उन्हाळ्यात युद्ध रेंगाळले होते, निवडणुकीत पराभव दिसत होता आणि मुक्ततेची अट सोडून तह करावा, असा दबाव वाढत होता. लिंकनने अट सोडली नाही. सप्टेंबरमध्ये अटलांटा पडले, नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा निवडून आला.

नव्या सभागृहात त्याच्या पक्षाला पुरेसे बहुमत मिळणार होते. तरीही त्याने वाट पाहिली नाही. मावळत्या सभागृहातील विरोधकांची मने वळविण्यात आली. त्यासाठी पदांची आमिषे दाखविली गेल्याचा बोलबालाही त्या काळी झाला. ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी दुरुस्ती संमत झाली. आवश्यक मते ११७ होती. १५ एप्रिलला लिंकन मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला. पुरेशा राज्यांची मान्यता ६ डिसेंबरला मिळाली, ती पाहावयास तो उरला नव्हता.

या युद्धाने मुंबईत कापसाचा भाव भडकला आणि १८६५ मध्ये ते संपताच अनेक पेढ्या बुडाल्या. येथील व्यापारी वर्गाच्या स्मरणात युद्ध राहिले ते नफातोट्यापुरते. जोतीराव फुल्यांनी मात्र १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. त्या मुक्तीचा खरा अर्थ त्यांनी ओळखला होता.

मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. पुढे शतकभर त्यांना अपमान आणि दारिद्र्य सोसावे लागले. घटनेतील एक कलम पोट भरू शकत नाही, हे खरेच. परंतु माणूस ही मालमत्ता नव्हे, एवढे त्या कलमाने कायमचे ठरविले. त्यानंतरचा प्रत्येक लढा त्याच आधारावर उभा राहिला.