जेआरडी टाटांच्या विमानात रेडिओच नव्हता! मग टॉवरला हाक कशी मारायची हे ठरलं कधी?

झरी जामणीत संध्याकाळी अंगणात उभं राहून वर पाहिलं, की एखादी पांढरी रेघ दिसते. फोनवर फ्लाइटरडार ट्वेंटीफोर उघडा, नेटवर्क असेल तर लगेच कळतं: दिल्लीहून चेन्नईला किंवा हैदराबादला निघालेलं विमान. आपला तालुका नेमका त्या वाटेखाली येतो. त्या पायलटला झरी माहीत नाही, पाटण माहीत नाही, मुकुटबन माहीत नाही. तरीही तो हरवत नाही, कारण सगळा प्रवासभर कुणीतरी जमिनीवरून त्याच्याशी बोलत असतं.

आता प्रश्न असा, की ज्या विमानतळावर पायलट आयुष्यात कधी गेला नाही, तिथल्या टॉवरला तो पहिली हाक कशी मारतो? आपण अनोळखी नंबरवर फोन लावतो तेव्हा काय होतं? तिकडून हॅलो, इकडून हॅलो, कोण बोलतंय, तुम्ही कोण बोलताय... अर्धा मिनिट यातच जातो. विमानात तो अर्धा मिनिट नसतो. हे सगळं समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य फार उपयोगी पडतं: जेआरडी टाटा. रतन टाटांचे रील्स आपण रोज पाहतो, पण त्यांच्या आधी टाटा समूह अर्धशतकाहून जास्त काळ सांभाळणारा हा माणूस मुळात पायलट होता.

लायसन्स नंबर १

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई सुझान फ्रेंच. उन्हाळ्यात कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलोला राहायचं, आणि तिथे शेजार होता लुई ब्लेरिओचा. ब्लेरिओ म्हणजे १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. असा शेजारी मिळाल्यावर पोराला विमानाचं वेड लागणारच.

१० फेब्रुवारी १९२९ ला मुंबईत त्यांना भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं. त्यावर नंबर होता १. पुढच्याच वर्षी आगा खान यांनी बक्षीस लावलं: भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्याने विमान उडवत जो भारतीय आधी पोहोचेल त्याला ५०० पौंड. जेआरडी भारतातून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले, आणि थोड्या तासांच्या फरकाने स्पर्धा अ‍ॅस्पीच जिंकला. (हाच अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.)

मग आला १५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी सकाळी निघाले, सोबत टपालाच्या थैल्या. विमान पस मॉथ, एका इंजिनाचं, नोंदणी व्हीटी-एडीएन. अहमदाबादला थांबले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेला. हीच टाटांची विमानसेवा पुढे एअर इंडिया झाली.

या पूर्ण प्रवासात विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरही वाट दाखवणारं यंत्र नव्हतं. खाली समुद्रकिनारा, नदी, रेल्वेचे रूळ बघत जायचं. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलपट्टी. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग सगळा कारभार पुण्याला हलायचा. उतरायचं तर मैदानावरून एक घिरटी मारा, वारा कुठून आहे बघा, मधे कुणी नाही ना बघा आणि उतरा. विचारायचं कुणाला? आकाशात एकच विमान असेल तोवर हे चालून जातं.

मग गर्दी झाली

१९३८ मध्ये टाटा एअरलाइन्स, १९४६ मध्ये एअर इंडिया. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. ३५ प्रवासी होते, त्यांत जेआरडी स्वतः. सोळा वर्षांपूर्वी रूळ बघत उडणाऱ्या माणसाच्या कंपनीचे पायलट आता एका प्रवासात तीन परक्या देशांच्या टॉवरशी बोलत होते.

तिकडे आपल्या विदर्भात वेगळीच गंमत सुरू झाली. जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही टोकांहून टपालाची विमानं रात्री नागपूरला यायची, मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत. या रात्रीच्या टपालावरून जेआरडी आणि दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्यात जाहीर वाद झाला होता. विमानं मात्र उडत राहिली. अंधारात चार दिशांनी विमानं येतायत म्हटल्यावर कोण कुठे आहे हे टॉवरला आवाजावरूनच कळणार.

म्हणून बोलण्याची शिस्त लागली. विमानाचा रेडिओ हा फोन नाही, वॉकी-टॉकी आहे. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकच बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर कानात नुसती शिट्टी. त्यामुळे पहिली हाक छोटी, आणि तिचा क्रम पक्का: आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. समजा पस मॉथ आज नागपूरला निघालंय, तर पायलट म्हणेल नागपूर टॉवर, मग व्हिक्टर टँगो आल्फा डेल्टा नोव्हेंबर. एवढंच, आणि थांबायचं. समोरच्याचं नाव आधी का? एका फ्रिक्वेन्सीवर दहा जण ऐकत असतात. आपलं नाव ऐकलं की माणूस कान टवकारतो, पुढचं नीट ऐकतो. गल्लीत आई हाक मारते तेव्हा आधी पोराचं नाव, मग काम. तसंच.

टॉवरने उत्तर दिलं, की मग मी कुठे आहे, किती उंचीवर आहे, मला काय हवंय. टॉवरने रनवे किंवा उतरण्याची परवानगी दिली, की पायलट ती जशीच्या तशी परत बोलून दाखवतो. नुसतं रॉजर म्हणून भागत नाही. रॉजरचा अर्थ फक्त तुमचं बोलणं पोहोचलं एवढाच आहे, समजलं किंवा करतो असा नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिकसारखं समजा.

अनोळखी विमानतळ असेल तर काम घरूनच सुरू होतं. त्या टॉवरचं रेडिओवरचं नाव आणि फ्रिक्वेन्सी चार्टवर छापलेली असते, ती आधी वाचायची. नाव म्हणजे जागेचं नाव आणि पुढे काम: जमिनीवर चालवणारा ग्राउंड, रनवे सांभाळणारा टॉवर, लांबून येणाऱ्यांना रांगेत आणणारा अप्रोच. विमानतळाला दिलेलं लांबलचक नाव तिथे कुणी घेत नाही. सोनेगावचं विमानतळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं आहे, पण हाक नागपूर अशीच. स्वतःचं नाव पहिल्यांदा पूर्ण सांगायचं. टॉवरने ते छोटं केलं, तरच आपणही छोटं करायचं. आणि आपण इथे नवीन आहोत, वाट माहीत नाही, हे सरळ सांगून टाकायचं. मग टॉवर एकेक वळण सांगत नेतो. यात लाज कसली? पण बऱ्याच जणांना वाटते, आपल्याला नवीन गावात पत्ता विचारायला वाटते तशीच.

आल्फा, डेल्टा, नोव्हेंबर ही अक्षरं १९५६ पासूनची. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांना सारखी ऐकू यावीत म्हणून शोधलेली. आकडेही मुद्दाम वाकडे बोलतात: थ्रीला ट्री, नाइनला नायनर. झरीच्या बाजारात एकाच दुकानात मराठी, तेलुगू, कोलामी आणि गोंडी ऐकू येते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला भलताच ऐकू येणं आपल्याला नवीन नाही.

जिनिव्हाच्या वाटेवर

पण क्रम पाळला, शब्द पाळले, तरी एक भोक उरतं. आपण कुठे आहोत हेच पायलटला चुकीचं वाटत असेल तर?

३ नोव्हेंबर १९५० ला तीच मलबार प्रिन्सेस जिनिव्हाला उतरायच्या आधी मोंट ब्लांक डोंगरावर आदळली. ४८ जण गेले. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाकडे येत होतं. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं. मोंट ब्लांक मागे पडला असा पायलटचा हिशोब झाला. रडारवरच्या कंट्रोलरला दिसत होतं, की डोंगर अजून पुढे आहे, आणि त्याने मोंट ब्लांकपासूनचं अंतर सांगून चूक सुधारलीही. पायलटला ते ऐकू गेलं, पण डोंगर ओलांडला असाच अर्थ त्याने घेतला आणि विमान खाली आणत राहिला. ११७ जणांपैकी कुणी वाचलं नाही. त्यांत डॉ. होमी भाभा होते. टीआयएफआर ही संस्था टाटांच्या ट्रस्टच्या मदतीने १९४५ मध्ये उभी राहिली, ती भाभांच्या पत्रावरून. जेआरडींसाठी ते जवळचे मित्र होते, आणि विमान त्यांच्याच कंपनीचं होतं. इंटरनेटवर या अपघाताबद्दल कटकारस्थानाचे ढीगभर व्हिडिओ आहेत. फ्रेंच चौकशीत निघालं ते एवढंच: एक वाक्य, दोन अर्थ. डोंगरावरची हिमनदी अजूनही त्या विमानाचे अवशेष खाली आणून टाकते. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान होणार अशा बातमीची भारतीय वर्तमानपत्रं तिथे सापडली.

दुसरा किस्सा तर जेआरडींच्याच जुहूचा. २४ सप्टेंबर १९७२ ला लंडनहून टोकियोला जाणारं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मुंबईला उतरणार होतं. बोलणं सांताक्रूझच्या टॉवरशी चाललं होतं, परवानगी सांताक्रूझची, आणि विमान उतरलं जुहूला! दोन्ही धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखी, अंतर जेमतेम काही किलोमीटर. जुहूची पट्टी छोटी, विमान पुढे निघून गेलं आणि मोडलं. नशिबाने कुणी दगावलं नाही. १९५३ मध्ये एका ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेटही असंच चुकून जुहूला उतरलं होतं. दोन्ही वेळा बरोबर टॉवरशी बोलणं सुरू होतं, चुकलं होतं ते खिडकीबाहेरचं गाव.

जेआरडी तेव्हाही एअर इंडियाचे अध्यक्ष होते. कंपनी १९५३ मध्ये सरकारी झाली तरी ते त्या खुर्चीवर होते, आणि प्रवासात बारीकसारीक गोष्टी टिपून चिठ्ठ्या पाठवायचे, अगदी चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो इथपर्यंत. १९७८ मध्ये सरकारने त्यांना पदावरून काढलं. त्यानंतर चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी ते कराचीहून लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानात बसले आणि पन्नास वर्षांपूर्वीच्याच वाटेने उडत जुहूला उतरले. तिथे आता टॉवर होता.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला ते गेले, जिनिव्हामध्ये. दफन पॅरिसला, पेर लाशेज दफनभूमीत झालं.