बाळाच्या शीमध्ये ई-कोलाय शोधणाऱ्या डॉक्टरने पुढचं आयुष्य आईच्या दुधासाठी वेचलं

सोसायटीच्या पाण्याचा रिपोर्ट येतो. त्यात 'ई-कोलाय आढळला' एवढे तीन शब्द असतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खळबळ उडते. टाकी धुवा, पाणी उकळा, प्लंबरला बोलवा. ई-कोलाय म्हणजे घाण, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

पण यातला 'ई' कुठून आला?

हा 'ई' म्हणजे एशेरिशिया. थिओडोर एशेरिश नावाच्या एका बालरोगतज्ज्ञावरून ते नाव पडलं. आणि हा जंतू त्यांना गटारात सापडला नव्हता, तान्ह्या बाळांच्या लंगोटात सापडला होता. बाळाच्या पोटात कोणते जंतू राहतात आणि आईच्या दुधाचा त्यांच्याशी काय संबंध, हा प्रश्न सगळ्यात आधी नीट मांडणाऱ्यांपैकी ते एक. आज मायक्रोबायोम, प्रोबायोटिक, प्रत्येकाच्या पोटानुसार आहार अशा गोष्टी सारख्या कानावर पडतात, त्यांची मुळं थेट या माणसापर्यंत जातात.

दहातली तीन बाळं

थिओडोर एशेरिश यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ चा, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या आन्सबाख गावचा. वडील डॉक्टर होते आणि वैद्यकीय आकडेवारीचा त्यांचा अभ्यास होता. थिओडोर पाच वर्षांचा असताना आई गेली. बाराव्या वर्षी त्याला ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्शच्या जेझुईट बोर्डिंग शाळेत पाठवलं. पुढे वेगवेगळ्या विद्यापीठांत शिकत १८८१ मध्ये तो डॉक्टर झाला.

तो काळ तान्ह्या बाळांसाठी भयंकर होता. १८७० च्या दशकात बव्हेरियात जन्मलेल्या दर १० बाळांपैकी जवळपास ३ बाळं पहिला वाढदिवससुद्धा बघत नव्हती. त्यातली कितीतरी जुलाबाने जायची, आणि उन्हाळ्यात तर रांगच लागायची. बव्हेरियाच्या बऱ्याच भागात बाळाला अंगावर पाजायची पद्धतच राहिली नव्हती. जन्मल्यापासून गाईचं दूध आणि पिठाची पेज सुरू व्हायची. फ्रीज नव्हता, दूध तापवून घ्यायची सवय नव्हती. अंगावरचं दूध पिणारी बाळं जास्त जगतात, हे डॉक्टरांना दिसत होतं. पण का जगतात, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

कॉलऱ्याने दाखवलेली वाट

१८८४ हे वर्ष जंतुशास्त्राच्या धामधुमीचं होतं. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूवर शिक्कामोर्तब केलं होतं. युरोपात नेपल्स शहरात कॉलऱ्याची मोठी साथ पसरली आणि तिच्या अभ्यासासाठी बव्हेरियातून पथक गेलं. त्यात तरुण एशेरिशही होते.

म्युनिकला परतल्यावर ते लहान मुलांच्या दवाखान्यात काम करत होते. कॉख यांच्या पद्धती त्यांनी शिकून घेतल्या. जंतू रंगवायचे, वेगळे करायचे, काचेच्या ताटलीत वाढवायचे. कॉलऱ्याचा जंतू ओळखायचा असेल, तर निरोगी पोटात एरवी कोण राहतं हे आधी माहीत हवं. पण मोठ्या माणसाच्या पोटात जंतूंची जत्रा भरलेली असते, तिथून सुरुवात करणं अवघड. नवजात बाळाचं पोट मात्र जवळपास कोरं. म्हणून त्यांनी बाळांची शी तपासायला घेतली.

जन्मानंतरची पहिली काळी शी त्यांना निर्जंतुक आढळली. पण काही तासांतच तिच्यात जंतू दिसू लागले. म्हणजे ते बाहेरून, बाळाच्या आसपासच्या जगातून येत होते. बाळ दूध प्यायला लागलं की चित्र पुन्हा पालटायचं. शीचा रंग बदलायचा, वास बदलायचा आणि जंतूंचं मंडळही बदलायचं. आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात एक बिऱ्हाड, वरच्या दुधावरच्या बाळाच्या पोटात दुसरं.

१८८५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले. त्यात एका आखूड, दांडीसारख्या आणि भराभर वाढणाऱ्या जंतूचं वर्णन होतं. त्याला त्यांनी 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून' म्हटलं, म्हणजे मोठ्या आतड्यातला नेहमीचा जंतू. पुढच्याच वर्षी बाळाच्या आतड्यातले जंतू आणि पचन यांच्यावर त्यांचं आख्खं पुस्तक आलं. आतड्यातले जंतू दुधातली साखर आंबवून आम्ल तयार करतात, हे त्यांनी त्यात मांडलं. पोटातला जंतू म्हणजे रोगच असणार, अशी हवा असताना ते त्यांना पचनाच्या बाजूने बघत होते.

जो दिसला, पण वाढला नाही

एक मोठी गोष्ट मात्र त्यांच्या हातून निसटली.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात सगळ्यात जास्त संख्या असलेला जंतू कोलाय नव्हताच. त्या दुसऱ्या जंतूला ऑक्सिजन चालत नाही. त्यामुळे उघड्या हवेत ठेवलेल्या ताटलीत तो वाढायचाच नाही, आणि तिथे कोलाय मात्र जोमात यायचा.

तो जंतू पकडला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आन्री तिसिये यांनी, १८९९–१९०० च्या सुमारास. त्यांनी हवा वगळून जंतू वाढवले आणि इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा फाटा फुटलेला जंतू समोर आला. तोच बिफिडोबॅक्टेरियम. आज प्रोबायोटिकच्या पाकिटांवर सर्रास दिसणारं नाव.

त्याच सुमारास एशेरिश यांचे सहकारी एर्न्स्ट मोरो यांनी बाळांच्या शीतून आणखी एक जंतू वेगळा केला. त्याला आज लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस म्हणतात. हे काम ग्राट्स शहरात झालं. एशेरिश १८९० मध्ये तिथे बालरोगाचे प्राध्यापक म्हणून गेले होते आणि तिथलं मुलांचं रुग्णालय त्यांनी नावारूपाला आणलं होतं. तिथेच भौतिकशास्त्रज्ञ लिओपोल्ड पफाउंडलर यांच्या मुलीशी, मार्गारेटशी, त्यांचं लग्न झालं. एक मुलगा झाला, एक मुलगी झाली.

प्रयोगशाळेतून वस्तीत

१९०२ मध्ये एशेरिश व्हिएन्नाला आले. सेंट अ‍ॅना बालरुग्णालयाचं प्रमुखपद म्हणजे त्या काळी बालरोगशास्त्रातला मोठा मान. इथवर पोचलेला माणूस आरामात संशोधन करत बसला असता. पण व्हिएन्नाच्या कामगार वस्त्यांत बाळं मरतच होती. कारखान्यात जाणाऱ्या बायांना पाजायला वेळ नव्हता आणि बाजारातल्या दुधाचा भरवसा नव्हता.

१९०३ मध्ये त्यांनी बालरक्षणासाठी एक संस्था उभी केली. बाळांची तपासणी, आयांना सल्ला आणि अंगावर पाजण्याला प्रोत्साहन, असं तिचं काम होतं.

त्याच काळात घरात आभाळ कोसळलं. त्यांचा मुलगा लिओपोल्ड वयाच्या दहाव्या वर्षी अपेंडिसायटिसने गेला. दुसऱ्यांची मुलं वाचवण्यात नाव कमावलेल्या बापाला स्वतःचा मुलगा वाचवता आला नाही. काम मात्र थांबलं नाही.

१९०९ मध्ये व्हिएन्नात दान केलेलं आईचं दूध साठवून गरजू बाळांना देण्याची सोय सुरू झाली. ही जगातली पहिली ह्युमन मिल्क बँक मानली जाते आणि तिचं श्रेय एशेरिश यांना दिलं जातं. आईचं दूध सगळ्यात चांगलं, एवढं सांगून ते थांबले नाहीत. जिला दूधच येत नाही तिच्या बाळाने काय करायचं, याचंही उत्तर त्यांनी शोधलं.

१५ फेब्रुवारी १९११ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी, ते गेले. नव्या बालरुग्णालयाच्या इमारतीसाठी ते शेवटची वर्षं झटले होते. पुढे त्यांची जागा घेतली त्यांचे शिष्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी, म्हणजे ज्यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द जगाला दिला त्यांनी. १९१९ मध्ये कोलाय जंतूच्या कुळाला एशेरिश यांचं नाव सुचवलं गेलं. ते बघायला ते नव्हते.

बाळाला न पचणारी साखर

पण त्यांचा प्रश्न शिष्यांच्या हातातून पुढे सरकत राहिला. मोरो पुढे हायडेलबर्गला गेले. त्यांच्या हाताखाली पॉल जॉर्जी नावाचा हंगेरीचा तरुण डॉक्टर काम करत होता. नाझी सत्तेवर आल्यावर जॉर्जींना जर्मनी सोडावी लागली, ते अमेरिकेत स्थिरावले. १९५० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं, की आईच्या दुधात बिफिडसला वाढवणारा एक खास घटक आहे. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून यांच्या साथीने शोध घेतल्यावर कळलं, की हा घटक म्हणजे काही वेगळ्याच साखरा आहेत.

आज या साखरांना एचएमओ म्हणतात. त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार सापडले आहेत. आईच्या दुधात पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल याच साखरा असतात. गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि बिफिडोबॅक्टेरियमचे काही प्रकार त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून आम्ल तयार होतं आणि आजार करणाऱ्या कितीतरी जंतूंना तिथे थारा मिळत नाही. थोडक्यात, आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते, बाळाला आणि त्याच्या पोटातल्या राखणदारांना.

एशेरिश यांना जे बिऱ्हाड बदललेलं दिसलं, त्यामागचं मोठं कारण हे होतं.

यात आणखी एक पदर आहे. प्रत्येक आईचं दूध सारखं नसतं. एफयूटी-टू नावाचं एक जनुक काही बायकांत काम करत नाही. अनेक समाजांत हे प्रमाण साधारण पाचात एक असं आहे. त्यांच्या दुधात या साखरांचा मेळ वेगळा असतो. बाळाच्या पोटातले जंतूही प्रसूती कशी झाली, अँटिबायोटिक दिलं का, आजूबाजूला काय आहे, यावर बदलतात. म्हणूनच एकच पावडर किंवा एकच प्रोबायोटिक सगळ्या बाळांना सारखं लागू पडेल असं नाही. डॉक्टरांना न विचारता बाळाला असलं काही देऊ नये, ते यासाठीच.

ओडिशात हे सगळं खेड्यांपर्यंत गेलं. तिथे ४,५५६ नवजात बाळांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निकाल आले. अर्ध्या बाळांना आठवडाभर एक निवडक लॅक्टोबॅसिलस आणि त्याला लागणारी साखर दिली होती. त्या बाळांत जंतुसंसर्ग आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. ही बाळं आईचं दूधही पीत होती.

व्हिएन्ना ते सायन

जन्मल्या जन्मल्या बाळाला मध चाटवायची, चीक पिळून टाकायची पद्धत अजून काही घरांत आहे. कोऱ्या पोटात पहिलं कोण शिरणार, हे त्या पहिल्या घोटांवर बरंच अवलंबून असतं. म्हणून पहिल्या तासात आईचं दूध आणि सहा महिने फक्त आईचंच दूध, असं डॉक्टर बजावतात.

आणि जिला दूध येत नाही, तिचं काय? व्हिएन्नानंतर बरोबर ८० वर्षांनी, १९८९ मध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, मुठीएवढ्या बाळांना तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळू लागलं.

एशेरिश यांनी वेगळा केलेला मूळ कोलाय जंतू आजही ब्रिटनच्या जिवाणू-संग्रहात जपून ठेवला आहे. त्याच कुळातल्या जंतूंकडून १९८२ पासून मधुमेहींचं इन्सुलिन बनवून घेतलं जातं. पाण्यात ई-कोलाय सापडला तर टाकी धुवायलाच हवी, कारण शौचाची घाण पाण्यात मिसळल्याची ती खूण आहे. पण बहुतेक ई-कोलाय आपापल्या जागी, पोटात, निमूट राहतात. तान्ह्या बाळाच्या पोटात ते शोधणारा माणूस मात्र गप्प बसला नाही.