मोजमापाचा महर्षी : लॉर्ड केल्विन

वेंगुर्ले, प्रतिनिधी - मृग लागला, की वेंगुर्ल्यात वायरमनची धावपळ सुरू होते. खारा वारा, भिंतीत मुरलेली ओल आणि सतत कोसळणारा पाऊस यांमुळे कुणाच्या मीटरच्या पेटीत गंज चढलेला असतो, तर कुणाच्या पंपाच्या मोटारीत पाणी शिरलेले असते. अशा वेळी वायरमनच्या पिशवीतून मल्टिमीटर बाहेर निघतो. त्याच्या चकतीवरील व्होल्ट, अँपियर आणि ओहम ही मापे व्होल्टा, अँपियर आणि ओहम या तीन शास्त्रज्ञांची आठवण जागवतात. मात्र, ही मापे साऱ्या जगाने एकच मानावीत यासाठी झटलेल्या आणि कामाला साजेसे उपकरण निवडले नाही तर काय ओढवते, हे ज्याच्या आयुष्यात ठळकपणे दिसून आले, त्या शास्त्रज्ञाचे नाव या चकतीवर नाही. ते शास्त्रज्ञ म्हणजे विल्यम थॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्विन.

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. विल्यम सहा वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले. पुढे वडिलांची नेमणूक ग्लासगो विद्यापीठात झाली आणि वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी विल्यम यांनी याच विद्यापीठात प्रवेश घेतला. केंब्रिजमधील शिक्षण संपवून ते काही काळ पॅरिसला रेनो यांच्या प्रयोगशाळेत राहिले. काटेकोर मोजणीचे संस्कार त्यांच्यावर तेथेच झाले. १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तब्बल ५३ वर्षे त्या पदावर राहिले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने उपकरणे हाताळावीत, यासाठी त्यांनी विद्यापीठातील दारूचे एक जुने तळघर मिळवून तेथे प्रयोगशाळा थाटली.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याच्या प्रकल्पामुळे. केबल जितकी लांब, तितका संदेश मंदावतो आणि हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे थॉमसन यांनी गणिताने दाखवले होते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. तांब्याची तार जाड असावी, तिच्याभोवतीचे गटापर्चाचे आवरणही जाड असावे, वीज सौम्य वापरावी आणि पलीकडच्या टोकाला अत्यंत संवेदनशील उपकरण ठेवावे. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना मात्र हे मान्य नव्हते. व्यवसायाने शल्यवैद्य असलेल्या व्हाइटहाउस यांचा भर विजेचा दाब वाढवण्यावर होता. कंपनीने केबल बनवली ती त्यांच्याच मताप्रमाणे.

थॉमसन यांनी तरीही प्रकल्प सोडला नाही. कोणतेही मानधन न घेता ते केबल टाकणाऱ्या जहाजावर गेले. तत्पूर्वी त्यांनी तांब्याच्या तारेचे नमुने तपासले असता, दिसायला सारख्या असणाऱ्या तारांच्या वीज वाहून नेण्याच्या क्षमतेत मोठी तफावत आढळली. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तारेची चाचणी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला.

याच सुमारास त्यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर तयार केला. इवल्याशा आरशाच्या पाठीला बारीक चुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्याने तारेच्या वेटोळ्यात टांगलेला असे. वेटोळ्यातून किंचित वीज वाहिली तरी आरसा हलत असे आणि त्यावरून परावर्तित होणारा दिव्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर सरकत असे. धातूच्या जड काट्याऐवजी प्रकाशाचाच काटा, अशी ही कल्पना होती.

५ ऑगस्ट १८५८ रोजी केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. संदेश वाचले जात होते ते थॉमसन यांच्या आरशावर. व्हाइटहाउस यांनी मात्र आपली उपकरणे चालावीत म्हणून प्रचंड आकाराची वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. मुळातच सदोष असलेले आवरण त्यापुढे टिकले नाही. काही आठवड्यांतच केबल निकामी झाली आणि भागधारकांचा पैसा समुद्रात बुडाला. व्हाइटहाउस यांना पद गमवावे लागले. चौकशी समितीनेही केबलच्या निर्मितीतील ढिलाई आणि हा अतिरिक्त दाब यांवर बोट ठेवले.

त्यानंतरची केबल थॉमसन यांच्या तत्त्वांनुसार बनली. तिच्यातील तांबे जवळजवळ तिप्पट होते. १८६५ चा प्रयत्न केबल तुटल्याने फसला. पण जुलै १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने ती पैलतीरी नेली. त्याच वर्षी चाचणी घेताना शिवणकामाच्या टोपणात थोडे आम्ल घेऊन केलेल्या चिमुकल्या बॅटरीने महासागरापार संदेश गेला. दोन हजार व्होल्टने जे साधले नाही, ते टोपणभर विजेने साधले. थॉमसन यांना ‘सर’ हा किताब मिळाला. हेच जहाज १८७० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर आले आणि मुंबई ते एडन केबल टाकली गेली. मुंबईचा लंडनशी समुद्रमार्गे तारसंपर्क सुरू झाला तो त्याच वर्षी.

मोजायचे तर माप एकच हवे, हा त्यांचा पुढचा ध्यास होता. १८६१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने विद्युत एककांसाठी समिती नेमली. या कामातूनच १८८१ च्या पॅरिस परिषदेत व्होल्ट, ओहम आणि अँपियर यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अतिशय कमी रोध मोजणारा ‘केल्विन ब्रिज’, स्थिरविद्युत व्होल्टमीटर, सुधारित होकायंत्र अशी अनेक उपकरणे त्यांनी घडवली. ग्लासगोतील जेम्स व्हाइट या कारागिराच्या कारखान्यात ती तयार होत. १८९२ मध्ये त्यांना उमराव पद मिळाले. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी धारण केले.

त्यांचे सारेच अंदाज खरे ठरले, असे मात्र नाही. पृथ्वीचे वय त्यांनी काही कोटी वर्षेच मानले. किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर ते गणित कोलमडले. एका अपघातात मोडलेला पाय त्यांना जन्मभर लंगडवत राहिला. दोन विवाह होऊनही त्यांना अपत्य नव्हते. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या समाधीशेजारी त्यांना चिरविश्रांती लाभली.

या चरित्राचा धडा आजही वेंगुर्ल्यातील ओल्या भिंतीपाशी लागू पडतो. खिशातील टेस्टरचा दिवा लागला, तर वीज आहे एवढेच कळते. किती आहे ते कळत नाही. डिजिटल मल्टिमीटर स्वतः अत्यल्प वीज घेतो. त्यामुळे बंद तार चालू तारेलगत असली, तरी तो काही व्होल्ट दाखवतो आणि संभ्रम होतो. तेथे कमी रोधाचा मीटर हवा. त्याच मल्टिमीटरच्या ओहमच्या आकड्यावर विसंबून ओलावलेली वायर चांगली ठरवणे धोक्याचे आहे, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर तपासतो. घरगुती वायरिंगचे आवरण तपासायला वीज बंद करून, दिवे-उपकरणे सोडवून, ५०० व्होल्टचा मेगर लागतो. मुख्य पेटीवर काम करताना मीटरवर ‘कॅट ३’ किंवा ‘कॅट ४’ ही सुरक्षा श्रेणी छापलेली आहे ना, हे पाहावे. बंद तारेला हात लावण्यापूर्वी मीटर चालू असलेल्या सॉकेटवर तपासावा आणि मोजणी झाल्यावर पुन्हा एकदा तपासावा.

व्हाइटहाउस यांच्या हट्टापायी एक केबल गेली. घरात उपकरणाची निवड चुकली, तर जाणारा जीव माणसाचा असतो.