ज्या गावात शत्रूला संपवायचं फर्मान काढलं, त्याच गावात बोलिव्हारने युद्धाचे नियम ठरवले

व्हेनेझुएलाच्या चलनाला सिमोन बोलिव्हारचं नाव आहे. बोलिव्हिया या देशाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. पण स्पेनच्या लेखी तो फक्त एक बंडखोर होता.

बोलिव्हारचा जन्म 1783 चा, काराकासमधल्या गडगंज घराण्यातला. तरुणपणीच तो स्पेनविरुद्धच्या लढ्यात उतरला. दोन्ही बाजूंनी कत्तली सुरू होत्या. 15 जून 1813 ला त्रुहिल्यो गावात त्याने फर्मान काढलं : जो स्पॅनिश माणूस स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहणार नाही, त्याला मरण.

हे फक्त कागदावर राहिलं नाही. फेब्रुवारी 1814 मध्ये शत्रूची फौज जवळ येत होती आणि कैद्यांवर पहारा द्यायला माणसं कमी होती. बोलिव्हारच्या हुकमाने काराकास आणि ला ग्वायरामध्ये 800 हून जास्त स्पॅनिश कैदी मारले गेले.

मग 1820 उजाडलं. बोयाकाची लढाई जिंकून बोलिव्हारचं पारडं जड झालं होतं. तिकडे स्पेनमध्ये सत्तापालट झाला आणि सेनापती मोरिल्योला बोलणी करायचे आदेश आले. 26 नोव्हेंबर 1820 ला करार झाला. गाव तेच, त्रुहिल्यो.

करारात काय होतं? कैद्यांना मारायचं नाही, त्यांची अदलाबदल करायची. जखमी आणि आजारी सैनिकांना कैदी धरायचं नाही, बरे झाले की सोडायचं. मृतांचे अंत्यसंस्कार करायचे. गावकऱ्यांची मतं काहीही असोत, त्यांना हात लावायचा नाही.

बोलिव्हारचा यात काय फायदा? आपले कैदी वाचणार होतेच. शिवाय ज्यांना बंडखोर म्हणून फासावर चढवलं जायचं, त्यांच्याशी स्पेनला बरोबरीच्या नात्याने सही करावी लागली.

पण गोष्ट इथे संपत नाही. बोलिव्हारच्या बाजूने करार ठरवणाऱ्यांत 25 वर्षांचा सुक्रे होता. डिसेंबर 1822 मध्ये त्याच सुक्रेच्या सैन्याने पास्तो शहरात शेकडो लोक मारले. पास्तोचे लोक स्पेनच्या राजाचे समर्थक होते.

बोलिव्हार 1830 मध्ये गेला. पहिला जिनिव्हा करार आला 1864 मध्ये, तोही फक्त देशांपुरता. देशांतर्गत युद्धातल्या बंडखोर गटांना बांधणारं कलम 3 आलं थेट 1949 मध्ये. लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपसात असे करार करावेत, असं ते कलम आजही सांगतं. सोबत एक अटही घालतं : नियम पाळले म्हणून बंडखोरांना कायदेशीर दर्जा मिळत नाही. बोलिव्हारने मात्र दोन्ही गोष्टी एकाच सहीत मिळवल्या होत्या.