पदवीविना गुरू : व्हिव्हियन थॉमस

वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसाने नामांकित शल्यविशारद घडवावेत, ही गोष्ट सहसा खरी वाटत नाही. व्हिव्हियन थॉमस यांचे जीवन मात्र असेच आहे.

१९१० साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका कृष्णवर्णीय सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. नॅशव्हिल येथे सुतारकाम करीत त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले आणि डॉक्टर होण्यासाठी पै पै साठविली. परंतु १९२९ नंतरच्या महामंदीत बँक बुडाली आणि तिच्याबरोबर कॉलेजची फीही! १९३० मध्ये त्यांनी डॉ. अल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. काम संशोधनाचे, कागदोपत्री हुद्दा व पगार मात्र झाडूवाल्याचा.

१९४१ मध्ये दोघेही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तेथे बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांनी निळ्या पडणाऱ्या बालकांचा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. जन्मजात हृदयदोषामुळे या मुलांच्या फुप्फुसांत पुरेसे रक्त पोहोचत नसे. ओठ व नखे निळी पडत, चार पावलांत दम लागे. कित्येक मुले बालपणीच दगावत. हाताकडे जाणारी रोहिणी वळवून फुप्फुसाच्या रोहिणीला जोडावी, हा त्यावरील उपाय. थॉमस यांनी कुत्र्यांवर पुनःपुन्हा प्रयोग करून ही जोडणी साध्य केली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. सुरी ब्लॅलॉक यांच्या हाती होती. त्यांच्यामागे स्टुलावर उभे राहून थॉमस प्रत्येक टाका पाहत होते, चुकल्यास सांगत होते. ती मुलगी काही महिन्यांनी वारली, परंतु पुढे हजारो मुले या शस्त्रक्रियेने जगली. त्या दिवशी मदतीस असलेले तरुण डेंटन कूली यांनी १९६८ मध्ये हृदयारोपण यशस्वी केले.

शस्त्रक्रियेला नावे मिळाली ती ब्लॅलॉक व टॉसिग यांची. थॉमस मात्र संसाराला हातभार म्हणून ब्लॅलॉक यांच्याच मेजवान्यांत पाहुण्यांना पेये देत. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची, वैद्यकाची नव्हे! १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. आज अनेक डॉक्टर त्या शस्त्रक्रियेच्या नावात थॉमस हे नावही घेतात.

आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात कॉलेजची पायरी आपणच प्रथम चढलो आहोत. ज्यांची ही पायरी हुकली, त्यांचे हात आपल्याहून अडाणी नसतात, एवढे ध्यानात राहिले तरी थॉमस यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले.